कसं-कळलं काकू

शेजारच्या काकूंना काहीही विचारलं तरी उत्तर मिळायचं नाही, लिंक मिळायची. आकाश निळं का, भेंडी चिकट का, काहीही विचारा, लगेच फोन वाजायचा. वर ताकीद असायची, "पहिले बघ बेटा, मग बोल." शाळेत त्यांनी मला जीवशास्त्र शिकवलं, तेव्हापासून मी त्यांना टरकून होते. निवृत्त झाल्यावर तो धाक त्यांनी सगळ्या दर्पण कॉलनीला वाटून टाकला.

संध्याकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत मुलं जमायची. मोठमोठ्या विद्यापीठांची व्याख्यानं फुकट, दुर्बिणींनी टिपलेले ग्रहताऱ्यांचे फोटो फुकट, स्क्रीनवरच वायरी जोडून दिवा पेटवून बघायचा तोही फुकट, आणि तरी आईबाप पोरांना कोचिंगमध्ये कोंबतात, याचा त्यांना भयंकर राग. टीव्हीवर व्हिडिओ लावायच्या आणि ऐन रंगात आला की थांबवायच्या. "याला हे कसं कळलं? कोणी मोजलं? कशावर?" मुलांना ते सापडेपर्यंत पुढचं बघायला मिळायचं नाही. "आणि जो कधीच 'माहीत नाही' म्हणत नाही ना, त्याचं दुकान बंद करा," असंही सांगायच्या.

मुलांनी त्यांचं नाव 'कसं-कळलं काकू' ठेवलं ते यावरूनच. रात्री दही खाऊ नये म्हटलं की माझी लेक ताटावरून मलाच विचारायची, "तुला कसं कळलं?" माझ्या मनात काकूंबद्दल काय काय यायचं ते लिहिण्यासारखं नाही.

काका मात्र गरीब स्वभावाचे. साखरेचा जुना आजार होता, गोळ्या चालू होत्या. त्यांना टीव्ही मोठ्यानं लावायची सवय, आणि टीव्ही तर वर्गाने बळकावलेला. म्हणून काकूंनी नया बाज़ारातून त्यांना नवा फोन आणि कानात घालायचे इअरफोन आणून दिले, व्हिडिओ कसे शोधायचे तेही शिकवलं. काका आतल्या खोलीत पलंगावर बसून मान डोलवत ऐकत राहायचे. आम्हाला वाटायचं कीर्तन चाललंय. "बघ, या वयात शिकले," काकू कौतुकानं म्हणायच्या.

मग काकांच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं तेव्हा काका लहान मुलासारखे खाली बघायला लागले. गोळ्या त्यांनी कधीच्याच सोडल्या होत्या. फोनवरचा कोणी एक माणूस साखर मुळापासून घालवणारा काढा सांगायचा, तो काका फिरायला जाताना बाटलीत भरून नेत होते. काकू म्हणाल्या, "अहो, मला विचारायचं तरी." काका म्हणाले, "तो शांतपणे समजावतो गं. तू चिडतेस." मी तिथेच उभी होते. ते वाक्य ऐकायला मी तिथे नसते तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

पाय कापावा लागला. जखमेचं विष तरीही अंगात भिनलंच, आणि काका गेले.

तेरावं झालं आणि काकूंनी मुलांना बोलावणं पाठवलं. आम्ही आयाही गेलो, राहवेना म्हणून. त्यांनी काकांचा फोन टीव्हीला जोडला आणि तोच काढ्याचा व्हिडिओ लावला. गोड आवाजाचा, हसतमुख माणूस होता. काकूंनी तो एकदाही थांबवला नाही. संपल्यावर म्हणाल्या, "हा 'माहीत नाही' कुठे म्हणाला, सांगा." मुलांनी पुन्हा लावून बघितला. शेवटी माझी लेक हळूच म्हणाली, "काकू, इसने तो कहीं बोला ही नहीं." काकू म्हणाल्या, "हे तुमचे काका ऐकायचे. आणि मी इथे, भिंतीच्या अलीकडे, तुम्हाला शिकवत बसायचे." मुलं चपला घालून निघून गेली.

मी मागे राहिले. काकू इअरफोनची वायर बोटांना गुंडाळत होत्या. मला त्यांची फार दया आली, आणि त्यांना ती आवडत नाही हे ठाऊक असूनही मी म्हणाले, "काकू, काकांची वेळच भरली होती. तुम्ही काहीही केलं असतं तरी ते राहिले नसते."

"तुला हे कसं कळलं?"

आवाजात राग नव्हता. वर्गात विचारायच्या तसंच विचारलं.

"माहीत नाही, काकू," मी म्हणाले.

"मला पण नाही माहीत," त्या म्हणाल्या, आणि काका गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या.