दुर्बिणीच्या खोलीवरचा पाऊस

आमच्या माळावर काही उगवत नाही, म्हणून माझ्या मुलानं तिथलं आकाश भाड्यानं द्यायला काढलं.

मुलगा म्हणजे सुधीर. नोकरी वाळूजला कंपनीत, घर चिकलठाण्याकडं. दुर्बिणीचा नाद जुना. पण शहर वाढलं, गच्चीच्या चारी बाजूंनी इमारती उठल्या आणि दिव्यांचा असा झगमगाट झाला की दुर्बिणीतून शेजारणीचा टीव्ही तेवढा स्वच्छ दिसायचा. (मी पाहिलाय. मालिका भिकार होती.) मग त्यानं वैजापूरजवळ आमच्या माळावर, माझ्या घराशेजारीच, पत्र्याची खोली बांधून दुर्बीण तिथं बसवली. खोलीचं छप्पर चाकांवर. फोनवरून हुकूम सुटला की छप्पर सरकणार, दुर्बीण फिरणार, फोटो निघणार. माणूस पुण्यात चहा पीत बसणार आणि माझ्या डोक्यावरच्या चांदण्यांचं भाडं भरणार!

दुष्काळाचं ते सलग दुसरं साल. ज्या कोरड्या आकाशाला सारं गाव शिव्या घालत होतं, त्याचीच सुधीरनं जाहिरात केली, 'ढगांचा त्रास नाही.' राखणदार मी. शिक्षण चौथी पास. त्या खोलीत माझ्याहून शिकलेलं फक्त ते यंत्र होतं.

सुनेनं मात्र बजावलं होतं, पहिलं गिऱ्हाईक नाराज झालं तर दुर्बीण विकायची. आता मला ताऱ्यांशी काय करायचंय? पण दुर्बीण येण्याआधी सुधीर दिवाळीला यायचा. ती आल्यापासून दर शनिवारी यायला लागला. तो तिलाच भेटायला येतो, एवढं मला कळतं. पण जेवायला माझ्याकडंच बसतो ना! दुर्बीण काही भाकरी थापत नाही.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याचे एक रिटायर साहेब. त्या दिवशी दिवस मावळल्यावर चंद्र शुक्राच्या चांदणीला झाकणार होता, त्याचा फोटो त्यांना हवा होता. सुधीरला सुट्टी मिळाली नाही. फोन आला.

"आई, संध्याकाळी खोलीकडं कुणाला फिरकू देऊ नको. आणि त्या खांबावरच्या डबीला पाणी लागू देऊ नको. थेंब जरी लागला, तरी पाऊस आला समजून छप्पर बंद होतं."

"टँकर आला नाय. घरात प्यायची एक कळशी हाय. डबीला कुठून पाजू?"

दिवस मावळला. छप्पर आपोआप सरकलं. मी खोलीच्या दारात पाटावर बसले. सगळं सुरळीत होतं, तेवढ्यात हलगी वाजली.

धोंडी आली! पाऊस लांबला की आमच्याकडं एका माणसाला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत लिंबाचा पाला गुंडाळतात आणि दारोदार नेतात. प्रत्येक घरानं त्याच्यावर पाणी ओतायचं. धोंडी कोरडी परत गेली, तर त्या घराला पाऊस नको, असा अर्थ. त्या साली धोंडी झाले होते माझे दीर, रंगनाथ भाऊजी. अंगानं असे भरलेले की आख्खं झाड चालत आल्यासारखं वाटलं.

"वैनी, आणा पाणी!"

"भाऊजी, हितं नको. तिकडं रस्त्यावर चला."

"का? तुमाला पाऊस नको व्हय?"

मागून कुणीतरी बाई बोललीच, "नकोच असंल! ढग आले तर भाडं बुडतंय ना. त्या यंत्रानंच पळवलेत ढग."

मला असलं ऐकून घ्यायची सवय नाही. तणतणत घरात गेले, कळशी आणली आणि सगळीच्या सगळी भाऊजींवर उपडी केली. निम्मी माझ्याच अंगावर आली. धोंडीनं गिरकी घ्यायची असते. भाऊजींनी घेतली. पाल्यातून थेंब उडाले. एक डबीवर.

घर्रर्र करत छप्पर बंद!

फोन वाजला. मला कमी ऐकू येतं म्हणून माझा फोन साऱ्या गावाला ऐकू जाईल असाच बोलतो.

"आई, पाऊस पडतोय?"

"नाय रे, भाऊजी झडतायत!"

"डबी पूस लवकर! साहेब वाट बघतायत."

मी पदरानं पुसली.

"आई, यंत्र म्हणतंय जोर वाढला!"

"पुसतीय की!" मी आणखी जोरात घासली.

"आता मुसळधार म्हणतंय!"

"मुसळधार!" धोंडीवाल्यांनी ऐकलं आणि एकच गलका झाला. "यंत्रानं सांगितलं! लागला पाऊस!" हलगी दुप्पट वाजायला लागली, भाऊजी दुप्पट नाचायला लागले, थेंब चौपट उडायला लागले. वर आभाळ सुकलेल्या भाकरीसारखं कोरडं ठक्क. आणि चंद्र चांदणीच्या जवळ, जवळ!

शेवटी भाऊजीच थांबले. "वैनी, आधी पदर पिळा. धार लागलीया."

खाली बघितलं. पदरातून पाणी ठिबकत होतं. मी आतापर्यंत पावसानंच पाऊस पुसत होते!

कोरडं काय? मी, भाऊजी, सगळे भिजलेले. हलगीवाल्याचा फेटा तेवढा कोरडा होता. तो ओढला. (तो बिचारा 'अहो मावशी' म्हणेस्तोवर सुटलाही होता.) डबी खडखडीत पुसली, तरी छप्पर हलेना.

"पावसानंतर यंत्र थांबून राहतं, आई. मागची खीळ काढून हातानं ढकला!"

"भाऊजी, ढकला!"

"पण पाऊस लागलाय ना?"

"माझ्या पदराचाय तो! ढकला म्हणते ना!"

पाल्यासकट भाऊजींनी खांदा लावला, मागून बाकीचे भिडले. ढग पळवल्याचं बोलणारी बाईही होती. छप्पर मागं सरकलं. चंद्रानं चांदणी गिळली. साहेबांना फोटो मिळाला.

नंतर सुधीरचा फोन. "साहेब लई खूश हायेत. फक्त विचारतायत, खोलीतल्या कॅमेऱ्यात छप्पर ढकलणारं झाड दिसलं, ते कुठल्या कंपनीचं?"

दुर्बीण राहिली. सुधीर अजून दर शनिवारी येतो, पोटभर जेवतो आणि खोलीकडं निघताना म्हणतो, "आई, तू पदर खोचून हितंच बस."

बसते. काय करणार? त्या साली आमच्या माळावर मुसळधार पाऊस एकदाच झाला. तोही माझ्या पदरातून, आणि माझ्याच प्यायच्या पाण्याचा!