येऊन राहिली

उन्हाळी वर्गाचे किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप जमतात. ऐकणारं माणूस मात्र जमवावं लागतं, म्हणून आज तुम्हाला धरून बसवलंय. बायको गेल्यापासून माझ्या घरात दिवसभर बोलतो तो फक्त कूलर.

मी रिटायर्ड मराठीचा मास्तर, राहायला अमरावतीत. गेल्या मे महिन्यात परदेशातली तीन पोरं दीड महिना माझ्याकडे मराठी शिकायला आली. मुळं वऱ्हाडातली, जन्म तिकडचा. त्यांच्या कॉलेजच्या कागदावर लिहिलेलं, ‘परदेशी अभ्यास’. आमची गल्ली म्हणायची, ‘पोरं गावी आली.’ खरं सांगायचं तर दोन्ही खरं नव्हतं.

*

नीलचा आजा वरूडचा. तिथं हात वर केला की संत्रं हातात येतं, असं ऐकत तो मोठा झालेला. भर उन्हाळ्यात गेला. पिकलेलं संत्रं औषधालाही नव्हतं. बागवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “संत्रा काय तुह्या सुट्ट्या पाहून पिकते काय?”

आजोबांना दाखवायला म्हणून त्यानं एक पान वहीत घालून आणलं. दुसऱ्या दिवशी ते पार वाळलं होतं.

*

समीर देशमुख आजोबांचं घर शोधायला अकोल्याला गेला. पत्ता एवढाच: देशमुखांचं घर. पानठेलेवाला म्हणाला, “एक गोटा मारून पाह्य. ज्याले लागन तो देशमुख.”

दिवसभरात पाच देशमुखांकडे चहा झाला, दोन ठिकाणी आग्रहानं जेवण. त्याच्या आजोबांना ओळखणारं एकही घर निघालं नाही. संध्याकाळी परत आला आणि म्हणाला, “सर, सगळे देशमुख. आमचं कुणीच नाही.”

मी खिचडीचा कुकर लावला.

*

तिसरी रिया, टोरांटोची. बाप वलगावचा, आदल्या हिवाळ्यात वारला. गावात फक्त त्याची मोठी बहीण. या आत्याच्या तोंडून बापाच्या लहानपणाची एक तरी गोष्ट ऐकायची, एवढ्यासाठी पोरगी आली होती.

आता आमच्याकडे ‘जात आहे’ कुणी म्हणत नाही, ‘जाऊन राहिली’ म्हणतात. मी वर्गात शुद्ध शिकवायचो आणि गेटबाहेर सगळं पाण्यात. ऑटोवाल्यानं विचारलं, “वलगावले जाऊन राहिली काय?”

रिया म्हणाली, “जाणार आहे, पण राहणार नाही. संध्याकाळी परत येणार.”

“मले काय करायचं बाई. बस.”

*

वलगावला अंगणात उभी राहून तिनं माझं पुस्तकी वाक्य म्हटलं, “आत्या, मी आपली भाची आहे.”

आत्या तूर निवडत होती. वर न बघता म्हणाली, “आपली म्हंजे? मास्तरची काय?”

पाणी दिलं, अंगणातल्या बाजेवर बसवलं, बस्स. घरात बोलावलं नाही, भावाचं नावही काढलं नाही. तीन रविवार असेच गेले. दर वेळी परत आल्यावर रिया म्हणायची, “सर, आजही चप्पल काढायची वेळ आली नाही.” मला त्या बाईचा राग यायचा. या पोरीनं काय घोडं मारलं होतं तिचं?

*

एक दिवस रियानं वर्गात विचारलं, “सर, ‘येऊन राहिलो’ म्हणजे आला आणि राहिला?”

“नाही. म्हणजे येतोय. अजून वाटेत आहे.”

तिनं वही मिटली. म्हणाली, “बाबा दर दिवाळीला आत्याला फोनवर हेच म्हणायचे. ‘येऊन राहिलो, बाई.’ मला वाटायचं, मी लहान असताना ते गावी येऊन, राहून गेलेत.”

तीस वर्षांत तिचा बाप एकदाही आला नव्हता. त्या दिवशी मी वर्ग लवकर सोडला. मग मला आत्याचा राग येईना.

*

वर्ग संपला. नील, समीर गेले. रियाच्या विमानाला चार दिवस होते. ती बॅग घेऊन वलगावला निघाली, सोबत मी. आत्या दारातच उभी होती. तिनं बॅगेकडे पाहिलं.

“जाऊन राहिली काय?”

रिया थांबली. मनात वाक्य जुळवत असावी. मग म्हणाली, “नाही आत्या. येऊन राहिली.”

आत्याचा चेहरा उतरला. “तुहा बापबी असंच म्हणे.”

“मी फोनवर नाही ना, आत्या.”

आत्या दारातून बाजूला झाली.

“मंग चप्पल काहाड.”

दोघी आत गेल्या. मी बाहेर बाजेवर बसून राहिलो.