भाऊसोंनी धरलेला मासा

शिराळ्याजवळच्या त्या गावात भाऊसो फौजींचं घर विचारलं, तर माणसं घर सोडून थेट वारणेच्या काठाकडं बोट दाखवत. पलटणीतून नायक म्हणून घरी आल्यापासून भाऊसोंनी स्वतःची नेमणूक नदीवर करून घेतली होती. सकाळी गळ, गोल टोपी आणि कणकेचा गोळा घेऊन ते निघत आणि सांजेला तोच ऐवज घेऊन परत येत. कणीक तेवढी कमी झालेली असे. मासे लागत, पण काठाला आले की सुटत, असं भाऊसो सांगत. बाजारातला मासा विकत घेऊन 'धरला' म्हणावं, एवढं खोटं मात्र त्यांच्या अंगात नव्हतं.

गावाच्या थट्टेचं त्यांना काही वाटत नसे. सल होता तो बायकोचा, आक्काताईंचा. पिठाच्या गिरणीवर बायका विचारत, "आज कालवण कशाचं हो, फौजीणबाई?" आणि आक्काताई डबा काखेला मारून गुमान चालू लागत. आपण धरलेला एक तरी मासा हिनं डोळ्यानं बघावा, एवढंच भाऊसोंचं मागणं होतं.

म्हणून साताऱ्याच्या कारखान्यात असलेल्या सुमंतनं, त्यांच्या मुलानं, दोन दिवस कोकणात खाडीकाठी जाऊ म्हटल्यावर भाऊसोंनी आधी गळ बांधला आणि मग कपडे. सून संयोगितानं खाडीकाठच्या एका घरी राहायची सोय केली होती. शेजारीच कांदळवनाचं राखीव क्षेत्र. आत मासेमारीला बंदी असल्याचा फलक होता. भाऊसो शिस्तीचे. फलकाच्या चांगले पलीकडं जाऊन बसले. फलकाच्या आत मासे उड्या मारत होते, बाहेर पाणी कसं निवांत. सरकारी संरक्षण कुठपर्यंत आहे, हे माशांना वाचून दाखवलं असावं.

त्यात दुपारी पाणीच निघून गेलं. भाऊसो जेवून आले तर गळ टाकायला नुसता चिखल. ओहोटी त्यांना ऐकून ठाऊक होती, पण वारणा कधी अशी न सांगता उठून गेली नव्हती. आक्काताई पदर तोंडाला लावून हसल्या. हसल्या, पण शेजारी बसून राहिल्या.

भरती आली. घरमालकिणीनं दिलेली कोळंबी भाऊसोंनी जरा अपमानानंच गळाला लावली, आणि दिवस कलायच्या सुमाराला काठी वाकली. वर आला तो चांगला हातभर, लालसर मासा. सुटल्याची वर्णनं भाऊसोंना पाठ होती, सापडल्यावर काय म्हणायचं ते कधी लागलंच नव्हतं.

आक्काताईंनी मासा नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "आवं, पण आज शनवार हाय."

शनिवार म्हणजे मारुतीचा वार. त्या दिवशी त्यांच्या घरात अंडंसुद्धा फुटत नसे. मग ठरलं, की आज माशाला बादलीत ठेवायचं आणि उद्या सकाळी कालवण. सुमंतनं बादली खाडीच्या पाण्यानं भरली. भाऊसो अंघोळीला गेले, ते कितीतरी वर्षांनी गुणगुणत.

परत येऊन बघतात तर मासा आडवा झालेला आणि आक्काताई बादलीपाशी रडवेल्या. "ते पानी लय खारट आन् गढूळ हुतं. आपल्याकडं आलेला जीव, म्हनून मी ओतून दिलं. हिरीचं गोडं पानी भरलं हो."

आवाज ऐकून घरमालकीण बाहेर आली. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्यात कसा टिकायचा, असं तिनं हळूच सांगितलं. तरी मेला तर मेला, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते, उद्याचं कालवण काही बिघडत नाही, असंही म्हणाली. सुमंतला ते पटलं. भाऊसोंनाही पटायला हरकत नव्हती. जन्माचा पहिला मासा, तोही साक्षीदारांसमोर धरलेला. ह्याचं कालवण करायचं नाही तर कशाचं?

पण आक्काताई मारुतीच्या वारी हातून हत्या झाली म्हणून मान वर करत नव्हत्या.

भाऊसोंनी बादली उचलली आणि तशीच ओल्या टॉवेलवर खाडीकडं धाव घेतली. मागनं आक्काताई. गुडघाभर पाण्यात उतरून भाऊसोंनी मासा दोन्ही तळव्यांवर धरला, खाऱ्या पाण्यात हळूहळू पुढंमागं केला. बराच वेळ काही नाही. मग कल्ले हलले. मग शेपूट. आणि मासा सरळ फलकाच्या दिशेनं, राखीव क्षेत्रात निघून गेला.

"गेला," भाऊसो म्हणाले.

"जाऊ द्या. मी बघिटला न्हवं?" आक्काताई म्हणाल्या आणि त्यांना हाताला धरून वर घेतलं.

आठवड्यानं भाऊसो गिरणीवरून चालले होते. आत बायकांच्या घोळक्यात आक्काताईंचा आवाज चढला होता. मासा किती मोठा होता ते त्या दोन्ही हात पसरून दाखवत होत्या, आणि हात पुरेनात तेव्हा शेजारणीचा एक हात त्यांनी मापाला घेतला होता. एवढा काही नव्हता, हे भाऊसोंना पक्कं ठाऊक होतं. ते टोपी नीट करून नदीकडं चालू लागले.