शाफ्टचा दाणा

साखर कारखान्यात उसाबरोबर किस्सेही गाळले जातात. साखर जहाजानं गेली. किस्से आम्हा रिटायर्ड कारकुनांकडे पडून राहिले. मॉरिशसच्या उत्तरेतल्या आमच्या कारखान्यातले निम्मे तर एकट्या गोविंदाचेच!

गोविंद रिव्हिएर दू रांपार गावचा, आमच्या मराठी मंडळींतला. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास विलायतेत अल्ट्रासॉनिक तपासणी शिकून आला. धातू न कापता त्यात ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी पडद्यावर बघायचा.

"म्हणजे बहिऱ्यांचं गाणं!" फोरमन रामाकाका म्हणाले.

"हो काका, आणि दाद लोखंड देतं!"

*

आवाज आत शिरावा म्हणून तो आधी ऊस पिळणाऱ्या रोलरच्या शाफ्टला तेल चोळायचा. मिस्त्री ओरडायचे, "आयो गोविंद, बाळंतीण आहे का ती?"

"बाळंतीण परवडली. निदान दुखतंय म्हणून सांगते!"

*

एकदा हंगामाच्या पूजेत महाराजांनी शाफ्टला शेंदूर फासला. गोविंदानं नेमका तेवढाच पुसला.

"अरे, देवाचं आहे ते!"

"देवाला आरपार दिसतं, महाराज. माझ्या यंत्राला नाही."

*

एका वर्षी मोठ्या रोलरच्या शाफ्टमध्ये प्रतिध्वनी वाटेतच विरला. गोविंद मॅनेजरकडे धावला; साहेबाला सगळे फ्रेंचमधून 'मिस्ये' म्हणत. "मिस्ये, दाणा फार मोठा झालाय!"

आमच्याकडे दाणा म्हणजे साखरेचा. साहेबानं उठून हात मिळवला. "ब्राव्हो! कुठल्या टाकीत?"

"शाफ्टमध्ये! लोखंडाचा दाणा, मिस्ये. इतका भरड म्हणजे शाफ्ट ठिसूळ. मोडला तर शेजारी उभी असलेली माणसं जातील."

साहेबानं हात काढून घेतला. "तडा दिसतो?"

"नाही."

"मग सुरक्षित आहे म्हण, नाहीतर घरी जा."

"घरी जातो. म्हणणार नाही!"

*

तरीही कारखाना सुरू करायच्या दिवशी गोविंद हजर. नोकरी गेली होती, आवाज नव्हता गेला. हार घातलेल्या पाहुण्यांसमोर, साहेबाच्या बायकोदेखत त्यानं साहेबाला विचारलं, "मिस्ये, शाफ्ट ठणठणीत ना?"

"अगदी!"

"मग तुमची आणि मादामची खुर्ची त्याच्याजवळच मांडू?"

साहेबानं शाफ्टकडे पाहिलं, मग मादामकडे. "नको, नको. तिथे ग्रीस आहे. मादामचा झगा खराब होईल. दाराजवळ मांडा."

रामाकाकांनी हातातला पाना खाली ठेवला. रोलरजवळ उभ्या असलेल्या सगळ्यांना त्यांनी दाराकडे वळवलं.

"चला रे, आपलेही झगे खराब होतील!"