उजव्या हातातला हिरवा चुडा

आमच्या झाशीच्या रेल्वे क्वार्टरचं छत कुणा सात फुटी साहेबाला डोळ्यांसमोर ठेवून बांधलंय, असं माझं ठाम मत आहे. मी स्टुलावर चढायचं, ब्रशला बांबू बांधायचा आणि उजवा हात डोक्यावर ताणायचा, तेव्हा कुठे ते हाती लागायचं. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं आणि पेंटर हरभरा काढायला आपल्या गावी, गरौठ्याला गेलेला. "दो दिन में आए भाभीजी," म्हणून गेला, त्याला आठवडा झाला. म्हटलं, गेलास उडत, मला काय हात नाहीत? तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी छत रंगवलं. नवरा खाली स्टूल धरून "अगं, पुरे आता" म्हणत राहिला. हा माणूस मालगाडीवर गार्ड आहे. गाडीत त्याच्या झेंड्याशिवाय पान हलत नाही, घरात त्याला कुणी विचारत नाही.

चौथ्या दिवशी चुडा भरायचा होता. आमच्याकडे लग्नाआधी घरातल्या बायकांना हिरव्या बांगड्या भरतात आणि मुलीच्या आईनं त्या कार्य पार पडेपर्यंत उतरवायच्या नाहीत. चुकून एखादी पिचली तरी सासूबाईंचा चेहरा उतरतो. त्या स्वतः मात्र दाराशी बसून नुसत्या बघत होत्या. सासरे गेल्यापासून त्यांनी काचेची बांगडी घातलेली नाही. मी दोनदा आग्रह करून पाहिला आणि दोन्ही वेळा बोलणी खाल्ली.

मानिक चौकातली चूडीवाली आली. डाव्या हातात तिनं बोलता बोलता बांगड्या सरकवल्या. उजवा हात धरला आणि थांबली.

"ये हाथ किसका लगा लाईं, भाभीजी?"

हात सुजला होता खरा. थोडा निळसरही दिसत होता. मी म्हटलं, "छत रंगवलंय बाई, कष्टाचा हात आहे, नजर लावू नकोस." ती हसली नाही. दोन नंबर मोठ्या बांगड्या काढल्या, साबण लावला आणि माझे डोळे पांढरे होईपर्यंत रेटून त्या चढवल्या. जाताना म्हणाली, "दिखा लेना किसी को." मी हो म्हटलं आणि चिवड्याच्या मागे लागले.

दुसऱ्या दिवशी हात खांद्यापर्यंत भरून आला. खांद्यावर, छातीवर निळ्या शिरा उठल्या. सासूबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला, "लचक भरलीय." त्या मूळच्या साताऱ्याच्या, पण पन्नास वर्षांत झाशीनं त्यांना सरसोंच्या तेलाचं असं वेड लावलंय की खोकल्यापासून घटस्फोटापर्यंत सगळ्यावर तेच चोळतील. लसूण-ओवा घालून तेल कढवलं आणि मनगटापासून खांद्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ रगडलं. "स्टुलावर चढायला कुणी सांगितलं होतं? लग्न मुलीचं आहे की तुझं?" असं म्हणत रगडलं. मला छान वाटत होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

त्यापुढच्या सकाळी हात वांग्याच्या रंगाचा झाला आणि बांगड्या मांसात रुतल्या. मुलगी मेंदीचे हात घेऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत, आणि चिडली की फारच चांगल्या हिंदीत. "बस मम्मी. उठो. अभी के अभी." आम्हा तिघांना तिनं रिक्षात कोंबलं आणि स्वतः स्कूटी घेऊन पुढे निघाली.

इस्पितळात हाताची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण जेमतेम माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, काखेपासून गळ्याच्या हाडापर्यंत आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी आहे. मी म्हटलं, "हातात? पायात होते ऐकलंय." तर हात तासन् तास वर ताणून राबवला की शीर हाडांमध्ये दबते, घासते आणि तिथं रक्त गोठू शकतं म्हणे. "बॉलरों को होता है, पहलवानों को होता है." मला उगाचच अभिमान वाटला. तेवढ्यात तिनं हाताचा वास घेतला.

"मालिश किसने की?"

नवरा पंख्याकडे बघायला लागला. मी चादरीकडे. डॉक्टरीण म्हणाली, चोळल्यानं गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर इथपर्यंत आणायलाही वेळ मिळाला नसता. अजूनही जाऊ शकते. रक्त पातळ करायचं इंजेक्शन लगेच द्यायला हवं.

"मैंने की," सासूबाई म्हणाल्या.

पण इंजेक्शनच्या आधी बांगड्या काढायच्या होत्या. हात आणखी सुजला तर त्या आवळणार, आणि इंजेक्शननंतर काच लागली तर रक्त लवकर थांबणार नाही. साबण झाला, जेली झाली, बांगडी तसूभर हलेना. नर्स म्हणाली, "तोड़नी पड़ेंगी," आणि मी हात छातीशी ओढून घेतला.

एकादशीला कांदाभजी तळणारी बाई मी. हरतालिकेला चहा पिऊन वर ढेकर देणारी. आणि मी म्हटलं, "लग्न झाल्यावर."

"आंटी, क्लॉट को शादी का कार्ड नहीं गया है," डॉक्टरीण म्हणाली.

तरी मी नाहीच म्हटलं. मला भीती वाटत होती, सांगायला लाज वाटते, पण माझ्या फुप्फुसाची नाही. समोर फाइल छातीशी धरून उभ्या असलेल्या त्या बावळट माणसाची. हा रोज मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसून कुठल्या कुठे जातो. त्याच्या नावाच्या बांगड्या मी कशा फोडून घेऊ? तो म्हणाला, "अगं, मला काही होत नाही." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा."

सासूबाई उठल्या. पिशवीतून तेलाचा स्टीलचा डबा काढला. संध्याकाळची मालिश चुकू नये म्हणून बरोबर आणला होता! पदराची घडी करून माझ्या मनगटावर टाकली, खालून आपला तळहात लावला.

"माझ्या फोडल्या तेव्हा माणूस आधीच गेलेला होता," त्या म्हणाल्या. "चुडा भरलेला होता दोन्ही हातांत, तरी गेला. तुझा इथं उभा आहे. हात दे इकडे."

मी हात दिला. त्यांनी डब्याच्या कडेनं एकेक बांगडी फोडली. मी डोळे मिटून रडत होते, मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. डोळे उघडले तर माझ्या हाताला एक ओरखडा नव्हता. त्यांच्या तळहातात हिरवी काच घुसली होती आणि पदर लाल झाला होता. नर्स कापूस घेऊन त्यांच्याकडे धावली.

"हमारा क्या देख रही हो?" त्या तिच्यावर खेकसल्या. "पहले इसको सुई लगाओ."