सांभाळून चढा हं!

धुकं इतकं दाट होतं की फलाटाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. स्थानकावरच्या घोषणा-खोलीत माईकमावशींनी फडक्याने माईक पुसला, घसा खाकरला आणि शेजारी बसलेल्या तपासनिसाकडे मुद्दामच पाहिलं नाही. एकाच मार्गावर आता लाल आणि निळी अशा दोन कंपन्यांच्या गाड्या धावत होत्या. मावशी निळीला झुकतं माप देतात, अशी तक्रार लालवाल्यांनी नियामक मंडळाकडे केली होती आणि तिच्या चौकशीसाठीच मंडळाने हा तपासनीस धाडला होता. तक्रार खरी ठरली, तर वीस वर्षं सांभाळलेला माईक मावशींच्या हातून जाणार होता.

“निळी आली की ‘सांभाळून चढा हं’ म्हणता. लालला नुसतंच ‘आली’,” तपासनीस म्हणाला.

“अहो साहेब, निळीची पायरी वीतभर उंच आहे. म्हाताऱ्यांचे गुडघे कुठे कंपनी बघतात?”

“ते काही नाही. दोघींना सारखेच शब्द.”

“बरं बाबा!”

लाल गाडी आली. मावशींनी आवाजात मध कालवला, “लाल गाडी आली आहे. सांभाळून चढा हं!”

सगळा फलाट जागीच थबकला. “काय मोडलंय हिचं?” म्हणत एक आजोबा मागे फिरले. जो तो वाकून पायरी तपासू लागला. गाडी चार मिनिटं उशिरा सुटली.

लालवाल्यांचा व्यवस्थापक धापा टाकत आत शिरला. “साहेब, तक्रार मागे घेतो. पण बाईंना आमची एवढी काळजी करू देऊ नका!”

तपासनिसाने तक्रारीवर रेघ मारली. मावशींनी तेच फडकं उचललं आणि धुक्याने ओली झालेली खिडकी पुसायला घेतली.