पठारावरची नऊ घरं

आम्ही चिखलीची जुनी मंडळी. जमीन संपादनाचं ज्ञान आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, ते चहाबरोबरच मिळतं. आमची निम्मी शेती कारखान्यांना गेली आणि उरलेल्यातली बरीचशी रस्त्याला. त्या वेळी वडिलांच्या रानात ज्वारी उभी होती आणि शेजारी चुलत्यांच्या रानात पत्र्याची शेड. मोजणीवाले आले, शेड लिहून घेतली, ज्वारीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चुलत्यांचा मोबदला वडिलांपेक्षा भारी निघाला. तेव्हापासून आमच्या घरात एकच शहाणपण चालत आलंय, मोजणीवाला दिसायच्या आत पत्रा उभा करायचा. वडील गेले, जाताना हे शहाणपण तेवढं माझ्या नावावर करून गेले.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी चूक माझी आहे.

माझ्या मामाचं गाव चाकणच्या पश्चिमेला, डोंगरावर; गावाच्या वरच्या अंगाला नुसतं मोकळं पठार. पायथ्यापर्यंत जीप जाते, पुढं तासाभराची चढण. मामीच्या किडन्या बिघडल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, तेव्हा चौघांनी तिला डोलीत घालून खाली आणलं आणि ती आमच्या चिखलीतल्या फ्लॅटवर राहायला आली. दोन महिन्यांसाठी म्हणून आली होती, त्याला दीड वर्ष होऊन गेलं. माझी बायको तिचं सगळं करायची, तीही माझ्या बायकोला लेकीसारखी जपायची, कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. तरी रोज सकाळी गॅलरीत बसून ती समोरच्या वर्कशॉपांच्या छपरांकडे बघायची आणि म्हणायची, "मला घरी जायाचंय." रडणं नाही, कुरकुर नाही. आज भाजी काय, असं विचारावं तशा आवाजात म्हणायची, आणि मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. अडलं होतं ते फक्त रस्त्यावाचून. रस्ता असता तर ती आपल्या घरी राहिली असती आणि उपचाराच्या दिवशी जीपनं चाकणला येऊन परत गेली असती.

आणि एका रविवारी मामा पेढे घेऊन आला. पठारावर पवनचक्क्या येणार होत्या.

कंपनीनं म्हणे वर्षभर एक उंच खांब लावून वारा मोजला होता. गावाला तो मोबाइलचा टॉवर वाटला होता आणि रेंज येत नाही म्हणून तक्रारीचा अर्जही करून झाला होता. असो, वारा चांगला निघाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यानं आमच्या आजोळची कौलं उडवली, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी चांगलं म्हणालं. पण मामाला चक्कीचं फारसं कौतुक नव्हतं. तिची पाती एवढी लांब असतात की ती वर न्यायची तर आधी कंपनीला घाटातून पक्का रस्ता काढावा लागतो, तोही वळणावर मोठा ट्रेलर फिरेल असा. "चक्की फिरू दे न्हाईतर बंद पडू दे," मामा म्हणाला, "रस्ता काय गुंडाळून न्हेनार हायेत व्हय?" मामीला पेढा मना होता. तिनं त्या दिवशी अर्धा खाल्ला, आम्हीही तिकडे काणाडोळा केला.

मग मामानं मला विचारलं, "आमी आता काय करायचं? तुमी लोकांनी हे समदं बघितलंय."

काहीही करू नका, एवढंच म्हणायचं होतं. पण मामानं विचारल्यावर गप्प बसणारा भाचा आमच्या पट्ट्यात अजून जन्माला यायचाय. मी खुर्ची पुढं ओढली. म्हटलं, ज्यांच्या ज्यांच्या जमिनी पठारावर आहेत त्यांनी आपापल्या रानात शेड टाका. नुसती टाकून भागणार नाही, ग्रामपंचायतीत घर म्हणून नोंद करा, घरपट्टीची पावती फाडा. कागद असला की तुम्हाला कुणी डावलू शकत नाही.

"पर तिथं ऱ्हानार कोन?"

"कागदावर राहायचं, मामा."

मामा हसला. मीही हसलो. भाचा चाकणच्या कंपनीत मोठा हाय, असं त्यानं गावात जाऊन सांगितलं, आणि पंधरा दिवसांत पठारावर पत्र्याची नऊ घरं उभी राहिली. पत्रे डोक्यावरून वाहून नेलेले. दारं बसवली, दारापुढं तुळस लावली. एकानं छपरावर डिशची छत्रीसुद्धा ठोकली. वीज नव्हती तिथं, पण घर घरासारखं दिसायला नको का.

ग्रामसभेला मी रजा टाकून गेलो. शाळेच्या व्हरांड्यात सभा होती. पुरेशी माणसं नाहीत म्हणून ग्रामसेवकानं ती तहकूब केली. आम्ही सगळे उठलो, बाहेर चहा प्यालो आणि अर्ध्या तासानं तीच माणसं त्याच जागी येऊन बसलो. तहकूब झालेल्या सभेला माणसांचा आकडा लागत नाही, असा नियम आहे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. पहिला ठराव झाला, पवनचक्की प्रकल्पास ग्रामसभेची हरकत नाही. दुसरा ठराव, पठारावरील नऊ घरांची राहती घरं म्हणून नोंद करावी. सूचक मामा. ग्रामसेवकानं पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "साहेब, दोन्ही ठराव आजच घ्यायचेत ना नक्की?"

मी त्या गावचा मतदारही नाही. तरी म्हणालो, "आजच." मला वाटलं, हा टाळाटाळ करतोय. दोन्ही ठराव एकमतानं मंजूर झाले आणि टाळ्याही वाजल्या.

महिन्याभरानं कंपनीची इंजिनिअर मुलगी शेवटच्या पाहणीला आली. मामाचा सल्लागार म्हणून मी हजर होतोच. तिनं पंचायतीकडून घरांची यादी मागून घेतली होती. पठारावरच्या एका सपाट दगडावर नकाशा पसरून ती एकेका घराभोवती गोल काढत गेली. परातीत पुऱ्या लाटून ठेवाव्यात तसे नऊ गोल एकमेकांना चिकटून बसले. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "राहत्या घरापासून ठरलेल्या अंतराच्या आत चक्की उभारता येत नाही. आवाज असतो, पात्यांची सावली फिरते. परवानगीच मिळत नाही."

"अहो मॅडम, ती घरं नाहीत. शेड आहेत नुसत्या."

तिनं फाइलमधून ठरावाची नक्कल काढून माझ्यासमोर धरली. राहती घरं. एकमतानं. "मागच्या वेळी मी आले तेव्हा इथं एकही घर नव्हतं," ती म्हणाली.

"आता हायेत," मामा मागून म्हणाला. त्याचा आवाज अभिमानानं भरला होता. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी तरी एक शेवटचा प्रयत्न केला. शेडच्या मोबदल्याचं काय, म्हणून विचारलं. तिनं नकाशाची गुंडाळी केली. "काका, हे संपादन नाहीये. चक्कीपुरती जागा आम्ही भाड्यानं घेतो. शेड मोजतच नाही कुणी."

चाळीस वर्षांचं आमचं शहाणपण असं एका वाक्यात निकालात निघालं.

त्याच आठवड्यात आम्ही मामाच्या शेडचे पत्रे उतरवले. उपयोग शून्य. पत्रा उतरतो, नोंद उतरत नाही. ग्रामसेवक म्हणाला, नऊही जणांनी लिहून द्या की आम्ही खोटी नोंद केली, मग चौकशी होईल, मग वर प्रस्ताव जाईल. लिहून द्यायला एकटा मामा तयार होता. बाकीच्या आठांच्या हातात तोवर घरपट्टीच्या पावत्या पडल्या होत्या आणि त्या दाखवून त्यांनी वीजमीटरचे अर्जही केले होते. स्वतःच्या हातानं कोण खोटा ठरेल? मी त्यांच्या जागी असतो तर मीही सही केली नसती. कंपनीची परवानगीची मुदत संपत आली होती, तिनं चक्क्या समोरच्या डोंगरावर नेल्या. रस्ताही तिकडूनच चढला. मधे एवढी खोल दरी आहे की पलीकडचा रस्ता मामाच्या अंगणातून दिसतो, पण त्याचा काही उपयोग नाही.

मामीला हे सांगायचं होतं. सांगणं माझंच काम होतं, यात मला शंका नव्हती. पायथ्यापासून घरापर्यंत गाडी चालवताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. मामा शेजारी बसला होता. दारात पाऊल टाकलं तोच मामीनं विचारलं, "रस्त्याचं कुठवर आलं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा बोलला. "ग्येला रस्ता. पत्रं उभं करायचं खूळ माझंच. ह्यो नको नको म्हनत व्हता, मीच ऐकलं न्हाई."

मामी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "कुनी सांगितलं व्हतं तुमाला शानपना करायला?" आणि उठून आत गेली. मी तिच्या मागं जायला हवं होतं. गेलो नाही.

खाली पार्किंगमध्ये मी मामाला गाठलं. "खोटं कशाला बोललास?"

तो चप्पल नीट करत म्हणाला, "माझ्यावर रागावली तर मी आपला डोंगरावर जातो. तुझ्यावर रागावली तर तिनं जायाचं कुठं? तुझ्याच घरात खायाचंय तिला, लेका."

त्यालाही आता वर्ष होत आलं. मी अजून तोंड उघडलेलं नाही. तिच्यासाठी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगतो, पण मला लाज वाटते आणि भीतीही वाटते, खरं कारण तेच. मामा दर रविवारी येतो, दाराजवळच्या स्टुलावर बसतो. मामी त्याच्याशी कामापुरतं बोलते. सोसायटीतल्या बायका आल्या की मात्र माझ्याकडे हात करून सांगते, "ह्यानं किती समजावलं व्हतं यांना. भाच्याचं ऐकलं असतं तर आज मी माझ्या घरात असते." बायका माझ्याकडे कौतुकानं बघतात.

"व्हय," मामा म्हणतो, "ऐकायला पायजे व्हतं."